छकुली नावाचे अत्तर

प्रस्तावना

एखादे गाव पाहून आल्यावर त्याचे वर्णन करणे फारसे अवघड नसते. रस्ता, नदी, देऊळ, बाजार असे काही ना काही डोळ्यांसमोर उभे असते. ऐकलेले गाणे गुणगुणून दाखवता येते. पण वास? काल घेतलेला वास आज दुसऱ्याला कसा सांगावा? ‘छान होता’ किंवा ‘घाण होता’ यापलीकडे आपली मजल बहुधा जात नाही. रंगांना आपण नावे दिली, चवींना दिली; वासांच्या बाबतीत मात्र ज्या वस्तूपासून तो येतो तिचेच नाव घेऊन आपण मोकळे होतो. मोगऱ्याचा वास, ओल्या मातीचा वास, रॉकेलचा वास.

प्रस्तुत पाठ हा एक ललित लेख आहे. फळाफुलांच्या हलक्या वासाचे, स्त्रियांसाठी तयार केलेले एक फ्रेंच अत्तर आणि त्याविषयीचे लेखिकेचे अनुभव हा त्याचा विषय. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे अत्तर पाहिलेले नसेल आणि पाठ समजण्यासाठी ते पाहण्याची गरजही नाही. न घेतलेला वास केवळ शब्दांतून वाचकापर्यंत कितपत पोहोचतो, हेच आपल्याला पाहायचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला अनुभव आणि मत यांतील फरक सांगता येईल. वासासाठी मराठीत वापरले जाणारे शब्द व क्रियापदे यांच्या अर्थच्छटा ओळखता येतील. आणि एखाद्या वासाविषयीचा स्वतःचा अनुभव क्रमवार, नेमक्या शब्दांत लिहिता येईल.

मूळ पाठ

(१)

बडोद्याच्या माझ्या माहेरी अत्तर म्हणजे हिन्याची एक बोटभर उंचीची कुपी. आईच्या कपाटात, रेशमी साड्यांच्या घडीखाली, वाळ्याच्या जुडीशेजारी ती असायची. लग्नकार्याला निघताना आई कापसाचा इवलासा फाया तिच्यात बुडवून कानाच्या वळणात ठेवी. वास जड, काळसर, धुराच्या जवळ जाणारा. कार्य उरकून, पंगती उठून, रात्री आई घरी परतली तरी तो तिच्या पदराला असायचाच. कनौजला फुले पाण्याबरोबर तांब्याच्या डेगेत उकळतात, ती वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात नेतात आणि तिथे चंदनाच्या तेलात जिरवतात, हे मला पुष्कळ पुढे वाचून कळले. पण अत्तर म्हणजे मुरलेले, टिकणारे, भारदस्त असे काही तरी, ही समजूत तेव्हाच पक्की झाली होती.

त्यामुळे २०१९ साली मुलगी कामानिमित्त पहिल्यांदा पॅरिसला जाऊन आली आणि तिने इंदूरच्या आमच्या घरी माझ्या हातात एक काचेची बाटली ठेवली, तेव्हा मी मनगटावर एक फवारा मारला, मनगट नाकाशी नेले आणि तत्काळ निकाल दिला.

“अगं, ही तर फळांची टोपली! तुझ्या वयाला शोभेल हे. माझ्या नाही.”

“बरं, राहू दे,” एवढेच ती म्हणाली. बाटली तिने माझ्याच कपाटात, मागच्या बाजूला ठेवून दिली. दोन दिवसांनी ती बंगळूरला कामावर परत गेली.

बाटलीवर नाव होते ‘पेतित शेरी’. फ्रेंच माणसाच्या तोंडून यातला पहिला शब्द जवळजवळ ‘पतित’ असा ऐकू येतो आणि मराठी कानाला तो भलतेच काही सुचवतो. आमच्या घरात त्यावर आठवडाभर विनोद झाले. अर्थ मात्र कोणी पाहिला नाही.

(२)

२०२१ च्या एप्रिलमध्ये आम्हां दोघा नवराबायकोंना करोना झाला. ताप चार-पाच दिवसांत उतरला. आठव्या दिवशी मी शेजारच्या खोलीत वाचत बसले होते आणि स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन, पातेले करपून काळे झाले, तरी मला पत्ता नव्हता. शेजारीण दार वाजवायला आली तेव्हा घरात धूर होता. माझ्या नाकाला काहीच येत नव्हते.

वास गेला म्हणजे काय गेले, हे सांगणे कठीण आहे. फोडणीत हिंग पडला की नाही ते डोळ्यांनी पाहावे लागे. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू, तिखट एवढे कळत होते. बाकी सारे पुसले गेले होते. आंब्याचे दिवस होते. आंबा गोड होता, पण तो आंबा नव्हता. सर्वांत वाईट म्हणजे घराला घराचा वास नव्हता. स्वतःच्याच घरात पाहुणे म्हणून राहावे तसे दिवस जात होते.

डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ चार वास घ्यायला सांगितले: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. प्रत्येकी पंधरा-वीस सेकंद, डोळे मिटून, तो वास आठवत. मी शाळकरी मुलीसारखी चार वाट्या मांडून बसत असे. लवंग म्हणजे नाकाखाली धरलेली एक काडी. लिंबू म्हणजे ओलसरपणा. काही आठवड्यांनी या चौघांचा इतका कंटाळा आला की कपाटातली ती बाटली काढून मी पाचवी म्हणून ओळीत ठेवली. तिच्याविषयी प्रेम वगैरे काही नव्हते. रिकामी पडली होती, एवढेच.

पहिले कित्येक दिवस त्या फवाऱ्यातून फक्त स्पिरिटचा गारवा जाणवला. तो गारवा नाकाला कळतो, कारण तो वास नव्हेच; तो एक प्रकारचा स्पर्श आहे आणि त्याची वाट वेगळ्या मज्जातंतूतून जाते. मग जूनच्या शेवटी, पाऊस लागून आठवडा झाला असेल, एका सकाळी गारवा ओसरल्यावर मागे काही तरी उरले. हिरवे. दुसरा शब्द सुचला नाही. मी पुन्हा मनगट नाकाशी नेले. विळ्याने कापलेल्या गवताचा वास होता तो. क्षणभरच होता, पण होता.

मी डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते, हे मान्य करायला हरकत नाही.

(३)

पुढचे चार महिने हे अत्तर मला तुकड्यातुकड्यांनी मिळत गेले. ज्याने ते रचले त्याच्या मनातला क्रम वेगळा होता. माझ्या नाकाने आपला क्रम लावला. गवत आधी आले, गुलाब नंतर, व्हॅनिला बरीच मागाहून आणि ज्याच्यावरून मी त्याला ‘टोपली’ म्हटले होते ते फळ सगळ्यांत शेवटी, दिवाळीच्या सुमारास. त्या दिवाळीत मी पहिल्यांदा ते सबंध घेतले. आता ते जसे आहे तसे सांगते.

फवारा मारल्यावर स्पिरिट उडून जायला अर्धे मिनिट द्यावे. मग येते नाशपती. नाशपतीही अनेक परींची असते. दिल्लीकडे पावसाळ्यात हातगाड्यांवर बब्बूगोशा मिळतो, हातात घेतला की दबणारा, रसाने ओथंबलेला; हा वास त्याच्या जवळचा आहे, पण पूर्ण पिकण्याच्या दोन दिवस अलीकडचा. सुरी लावली की करकर वाजेल, असा. देठाजवळ किंचित हिरवट. गोडी आहे, पण साखरेची नाही, पाण्याची आहे. पहिल्या फवाऱ्यात हसू येते, इतका तो निरागस वाटतो. माझा निकाल याच मिनिटात लागला होता.

पाचव्या-सातव्या मिनिटाला पीच डोकावते, उत्तरेत ज्याला आडू म्हणतात ते फळ. पीचच्या गोडीत दुधाच्या सायीची झाक असते आणि सालीवरच्या मऊ लवेचाही जणू वास असतो. हा भाग थोडा जास्त वेळ राहिला असता, तर अत्तराचे सरबत झाले असते. ते होत नाही, कारण खालून गवत वर येते. सगळे अत्तर या गवताने तोलून धरले आहे, असे माझे मत आहे. फळ कितीही लाडात आले तरी हे हिरवे काही तरी त्याला भानावर आणते.

मग गुलाब. आपल्या मनात गुलाब म्हटले की गुलकंद असतो, गुलाबदाणी असते, लग्नमंडपाच्या दारात उडणारे शिंतोडे असतात. हा तो गुलाब नव्हे. फ्रेंच भाषेत ज्या जातीला कस्तुरी गुलाब म्हणतात त्याची ही आठवण आहे: फिकट, पातळ पाकळ्यांची, पहाटेच्या दवासकट. तो पुढे येत नाही. फळ निघून गेल्यावर रिकामी झालेली जागा झाडून, पुसून ठेवावी, इतपतच त्याचे काम.

आणि शेवट. अडीच-तीन तासांनी मनगटावर एक उबदार, गोडसर, पावडरीसारखा थर राहतो. तो व्हॅनिला आणि कस्तुरीचा. न्हाऊमाखू घातलेल्या, टाळू भरून दुपट्यात गुंडाळलेल्या मुलाच्या माथ्याला जो वास येतो त्याच्या तो पुष्कळ जवळ आहे. पण सांगायला हवे की काही दिवशी, विशेषतः दमट हवेत, हीच व्हॅनिला मला कस्टर्डसारखी लागते आणि मी मनगट धुऊन टाकते. शिवाय तीन तास ही मुदत हिवाळ्यातली. मे महिन्यात इंदुरात हे अत्तर तासाभरात विरते. त्या किमतीत हिन्याच्या किती कुप्या आल्या असत्या, याचा हिशेब मी केलेला आहे; तो इथे देत नाही.

(४)

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नाशपतीचे अत्तर निघत नाही. गुलाब, केवडा, वाळा यांचा अर्क ऊर्ध्वपातनाने हाती लागतो. नाशपती कितीही उकळली तरी तिचा तो ताजा वास वाफेबरोबर पकडून ठेवता येत नाही. पीचचेही तेच. हे वास प्रयोगशाळेत, एकेक द्रव्य मोजून जुळवावे लागतात. पीचचा वास देणारे गॅमा-अनडेकालॅक्टोन नावाचे द्रव्य गेरलां या फ्रेंच घराण्याने १९१९ साली ‘मित्सुको’ या अत्तरात वापरले आणि फळ हा अत्तरांचा विषय होऊ शकतो हे दाखवून दिले. म्हणजे मनगटावर जे फळ मला भेटते ते कुठल्याही झाडावर लागलेले नाही. कोणी तरी ते आठवून, अंदाजाने, पुन्हा पुन्हा चुकत रचलेले आहे. हे कळल्यावर ‘टोपली’ हा शब्द मला थोडा बोचला.

गवताची गोष्ट तर आणखी निराळी. पात कापली की काही क्षणांत तिच्यातून हेक्सेनॉलसारखी द्रव्ये हवेत सुटतात आणि आपल्याला ताजे, प्रसन्न वाटते. झाडाच्या बाजूने पाहिले, तर तो जखमेचा वास आहे.

(५)

लिहायचे ठरवले तेव्हा नावाचा अर्थ पाहिला. ‘पेतित’ म्हणजे लहान, ‘शेरी’ म्हणजे लाडकी. मराठीत एका शब्दात सांगायचे तर छकुली. आनिक गुताल या पॅरिसच्या बाईंनी १९९८ साली इझाबेल द्वायां यांच्यासोबत हे अत्तर आपल्या मुलीसाठी, कामीयसाठी केले. बाई तरुणपणी पियानो वाजवीत. पुढे सुगंधाकडे वळल्या आणि १९८० नंतरच्या काळात त्यांनी पॅरिसला स्वतःचे दुकान थाटले. कामीय तेव्हा लहान नव्हती, चांगली मोठी झालेली होती. तरी नाव छकुलीच. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, आनिक गुताल कर्करोगाने वारल्या. मागाहून कामीयनेही त्याच घरात, त्याच इझाबेलसोबत अत्तरे रचली.

मी मुलीला फोन केला.

“तू नाव वाचून घेतली होतीस का गं ती बाटली?”

“कुठली?”

“छकुली.”

अर्थ सांगितल्यावर ती हसली. “नाही गं आई. नाव कुठलं वाचतेय! दुकानात वीस-पंचवीस पट्ट्या हुंगून नाक बधिर झालं होतं. ही पट्टी नाकाशी धरली आणि आजीच्या घरामागचं गवत आलं. गणपतीला जायचो ना आपण बडोद्याला, तेव्हा म्हशींसाठी कापून न्यायचे बघ, त्या भारे बांधणाऱ्या बायका. म्हटलं, आईला आवडेल.”

मी काहीच बोलले नाही. आईचे ते घर विकूनही बरीच वर्षे झाली. मी पहिल्या मिनिटात फळ हुंगले आणि निकाल दिला. तिने माझ्यासाठी गवत आणले होते आणि ते तर पाचव्या मिनिटाच्या पुढे येते.

बाटलीत आता दोन बोटे अत्तर उरले आहे. नाशपती पूर्वीइतकी करकरीत राहिलेली नाही. अत्तरातही फळच आधी उतरते. मुलगी घरी आली की दारातच माझे मनगट ओढून नाकाला लावते आणि म्हणते, “आहे अजून.”

शब्दार्थ

फाया : अत्तरात भिजवलेला कापसाचा बोळा. डेग : मोठे तांब्याचे भांडे. भपका : वाफ थंड करून अर्क साठवण्याचे भांडे. ऊर्ध्वपातन : द्रवाची वाफ करून ती पुन्हा थंड करून शुद्ध अर्क मिळवण्याची क्रिया. लव : मऊ, बारीक केस. टाळू भरणे : तान्ह्या मुलाच्या टाळूवर तेल घालणे. दुपटे : लहान मुलाला गुंडाळण्याचे दुहेरी वस्त्र. विरणे : हळूहळू नाहीसे होणे. उतरणे (येथे) : ताजेपणा कमी होणे.

समजून घेऊ या

लेखाच्या पहिल्या भागात लेखिकेने दोन वास समोरासमोर ठेवले आहेत. एक हिन्याचा, दुसरा नव्या बाटलीतला. मात्र नव्या वासाचे वर्णन तिथे नाही. आहे तो फक्त निकाल. ‘फळांची टोपली’ हे वर्णन वाटते खरे, पण ते मत आहे. वाचकाला त्यातून अत्तराविषयी थोडे आणि बोलणारीविषयी बरेच कळते. तिच्या मनात अत्तराची एक मोजपट्टी आधीच तयार होती: जे टिकते ते चांगले. या पट्टीने मोजले तर हलके अत्तर नापास होणारच. लेखिकेने आपली ही मोजपट्टी कुठून आली तेही सांगितले आहे. म्हणून तिचे मत चुकीचे असले, तरी आपल्याला तिचा राग येत नाही.

आता तिसरा भाग पुन्हा वाचा. इथे मते आहेत, पण प्रत्येक मताच्या आधी अनुभव आला आहे. ‘सगळे अत्तर या गवताने तोलून धरले आहे’ हे विधान करण्यापूर्वी फळ सरबताकडे कसे झुकते ते आपण पाहिलेले असते. शिवाय वर्णनाला काळाचा क्रम आहे. अर्धे मिनिट, पाचवे-सातवे मिनिट, अडीच-तीन तास. हा क्रम लेखिकेने सोयीसाठी पाडलेला नाही. अत्तरातली काही द्रव्ये अंगाच्या उबेने झटकन उडतात, काही रेंगाळतात. त्यामुळे अत्तर मुळातच काळात उलगडणारी गोष्ट आहे, चित्रासारखी एकदम समोर येणारी नव्हे. ज्या वस्तूचा जो स्वभाव, त्याप्रमाणे वर्णनाची रचना करावी लागते. देवळाचे वर्णन दारापासून गाभाऱ्यापर्यंत जाईल; वासाचे वर्णन घड्याळाच्या काट्याबरोबर.

उपमांकडे लक्ष द्या. करकर वाजणारी नाशपती, दुधाची साय, पहाटेचे दव, टाळू भरलेले मूल. एकही उपमा पॅरिसची नाही. लेखिका परदेशी वस्तूविषयी लिहीत आहे, पण ज्या वाचकासाठी लिहीत आहे त्याच्या घरातल्या गोष्टी तिने हाताशी घेतल्या आहेत. ‘मोहक’, ‘मनमोहक’, ‘स्वर्गीय’ असे शब्द लेखात तुम्हांला सापडणार नाहीत. जाहिरातीत ते शोभतात. अनुभवलेखनात त्यांनी काहीच दिसत नाही, कारण ते गुलाबाला लागू पडतात तसेच साबणालाही लागू पडतात.

कस्टर्डचे वाक्य काही वाचकांना खटकेल. एवढ्या जिव्हाळ्याच्या लेखात ही तक्रार कशाला? पण तेच वाक्य काढून लेख वाचून पाहा. ज्या अत्तराने गेलेला वास परत आणून दिला त्याचेही सगळेच आवडत नाही, असे जी लेखिका सांगते तिच्या उरलेल्या बोलण्यावर आपला विश्वास बसतो.

दुसऱ्या भागातील ‘आंबा गोड होता, पण तो आंबा नव्हता’ हे वाक्य विज्ञानाच्या दृष्टीनेही अचूक आहे. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला बराच भाग घास तोंडात असताना मागच्या बाजूने नाकात पोहोचणारा वास असतो. सर्दीत जेवण बेचव का लागते, त्याचे उत्तर इथे आहे.

पाठगत प्रश्न

१. ‘पहिल्या मिनिटात निकाल’ आणि ‘पाचव्या मिनिटाच्या पुढे येणारे गवत’ यांचा मुलीच्या भेटीशी असलेला संबंध तुमच्या शब्दांत लिहा.
२. स्पिरिटचा गारवा वास गेलेल्या नाकालाही का कळतो?
३. लेखिकेला ‘टोपली’ हा शब्द नंतर का बोचला?
४. “आहे अजून” असे मुलगी म्हणते. काय आहे? लेखिकेने ते सांगितलेले नाही. तुम्हांला काय वाटते ते कारण देऊन लिहा.

भाषाभ्यास

वासांना मराठीत नावे नाहीत असे प्रस्तावनेत सुचवले होते. ते पूर्णपणे खरे नाही, हे आता मान्य करू. स्वयंपाकघरातल्या आणि बिघडलेल्या वस्तूंच्या वासांसाठी मराठीइतके नेमके शब्द क्वचितच लागतील. भाजलेल्या बेसनाला खमंग वास येतो, जुन्या खोबऱ्याला खवट, बंद खोलीला कुबट, शिळ्या पिठाला आंबूस. यांतला एकही शब्द वस्तूचे नाव घेत नाही. आणि हे शब्द आपापल्या जागेला घट्ट धरून असतात; जाईचा वास खमंग आहे, असे कोणी म्हणणार नाही. टंचाई आहे ती फुलाफळांच्या वासांची. तिथे मात्र सुवास, सुगंध, परिमळ असे स्तुतीचे शब्द आहेत, वेगळेपणा दाखवणारे नाहीत. म्हणूनच लेखिकेला नाशपतीसाठी इतकी वाक्ये लिहावी लागली.

जवळच्या अर्थाच्या शब्दांतही पायऱ्या असतात. दरवळ हलका आणि पसरणारा; घमघमाट दाट, सगळी जागा व्यापणारा; दर्प नाकाला नकोसा होणारा. ‘दर्प’ या शब्दाचा मूळ अर्थ गर्व. जो वास दुसऱ्याला जागाच ठेवत नाही त्याला गर्वाचे नाव मिळाले, हे मराठीचे मोठे मार्मिक निरीक्षण म्हटले पाहिजे. क्रियापदेही पाहा: वास येतो, सुटतो, दरवळतो, मुरतो, उडतो, विरतो; आणि वाईट असेल तर तो ‘मारतो’.

पाठात हिरवट, काळसर, गोडसर, ओलसर असे शब्द आले आहेत. मूळ शब्दाला -ट किंवा -सर प्रत्यय लागून ‘थोडेसे तसे’ हा अर्थ तयार होतो. -ऊस हा प्रत्ययही तेच काम करतो: तांबूस, आंबूस. मात्र ‘आंबट’ आणि ‘आंबूस’ यांची तुलना केल्यास एक गंमत दिसेल. आंबट ही पुरती चव आहे, तिथे -टचा अर्थ ‘थोडेसे’ असा नाही; आंबूस मात्र आंबटाकडे झुकलेले. वासाविषयी लिहिताना हे ‘झुकलेले’ शब्द फार उपयोगी पडतात, कारण वास क्वचितच एका रंगाचे असतात.

‘छकुली’ हे लाडाचे रूप. सोनुली, चिमुकली, धाकुली ही त्याच जातीची. तुमच्या घरात किंवा तुमच्या प्रांतातल्या भाषेत मुलांना लाडाने हाक मारण्याचे जे शब्द आहेत त्यांची यादी करा आणि त्यांतले कोणते शब्द मोठ्या झालेल्या माणसालाही लावले जातात ते नोंदवा.

पाठान्त प्रश्न

१. ‘नाक मुरडणे’ हा वाक्प्रचार लेखात आलेला नाही, पण लेखातील एका प्रसंगाला तो लागू पडतो. तो प्रसंग सांगून त्या वेळी लेखिकेच्या मनात कोणती मोजपट्टी होती ते स्पष्ट करा.
२. हिना आणि ‘पेतित शेरी’ या दोन अत्तरांच्या वर्णनांत लेखिकेने वापरलेल्या विशेषणांची तुलना करा.
३. गवताचा वास लेखात किती वेळा व कोणत्या संदर्भांत येतो? प्रत्येक वेळी त्याचा अर्थ कसा बदलतो?
४. चौथा भाग वगळला तर लेखाचे काही नुकसान होईल का? तुमचे मत सकारण मांडा.

लेखन-उपक्रम

तुमच्या घरातला एक वास निवडा. तो देवघराचा असेल, आजोबांच्या ट्रंकेचा असेल, शाळेच्या नव्या वहीचा असेल. तीन वेगवेगळ्या वेळी तो घ्या आणि दर वेळी दोन-दोन ओळी लिहून ठेवा. मग त्या ओळींवरून आठ-दहा वाक्यांचा उतारा तयार करा. ‘छान’ आणि ‘मस्त’ हे शब्द वापरायचे नाहीत. त्या वासातले तुम्हांला न आवडणारे असे काही असेल तर तेही लिहा. उतारा घरातल्या एखाद्या व्यक्तीला वस्तूचे नाव न सांगता वाचून दाखवा आणि तिने काय ओळखले ते उताऱ्याच्या खाली नोंदवा.